विश्लेषण : नाशिकच्या वाढीचा हिशेब सायखेड्याला का लागतो?

पॅरिसमध्ये ५ जुलै २०२५ रोजी सीन नदीतील तीन ठिकाणे पोहण्यासाठी सर्वांना खुली झाली आणि १९२३ पासूनची बंदी उठली. युरोपातील एका राजधानीने तीन-चार दशकांत आपली नदी कशी परत मिळवली, याच्या कथा जगभर छापून आल्या. इकडे नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी सुरू आहे. ‘त्यांना जमले, आपल्याला का नाही’ हा प्रश्न अशा वेळी निघतोच. मात्र ही चर्चा बहुतेकदा रामकुंडापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शहराने गेल्या चाळीस वर्षांत नदीचे काय केले, हे पाहायचे तर रामकुंडावरून पंचवीस-तीस किलोमीटर खाली, निफाड तालुक्यातील सायखेड्याला यावे लागते. शहराने नदीत सोडलेली प्रत्येक गोष्ट, पूर असो की सांडपाणी, याच गावाच्या पुलाखालून जाते. कधी कधी पुलावरूनही जाते.

सायखेड्यालाच पाणी का चढते?

सायखेडा आणि समोरच्या काठावरचे चांदोरी ही गोदाकाठची जोडगावे. मध्ये नदी, नदीवर पूल. द्राक्ष, ऊस, कांदा हा इथला पैसा. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार सायखेड्यात भरतो. म्हणजे पूल बंद झाला की दोन गावांचा संपर्क तुटतो आणि शिवाय मालाची वाटही बंद होते. चांदोरीजवळच्या पात्रात जुनी मंदिरे आहेत. एरवी ती पाण्याखाली असतात आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसतात. या भागात नदीला गोदावरी कमी आणि ‘गंगा’ जास्त म्हणतात. ‘गंगा आली’ याचा अर्थ पावसाळ्यात सामान माळ्यावर चढवायची वेळ झाली.

इथले पाणी एका नदीचे नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. गंगापूर धरण, त्याच्या वरचे काश्यपी आणि गौतमी-गोदावरी, बाजूचे आळंदी हा एक धरणसमूह. त्याचा विसर्ग नाशिक शहरातून वाहत येतो. दुसरा दारणा समूह : दारणा, मुकणे, भावली, वालदेवी. इगतपुरीच्या डोंगरातला मुसळधार पाऊस या वाटेने येतो आणि दारणासांगवीजवळ दारणा नदी गोदावरीला मिळते. हा संगम सायखेड्याच्या वर आहे. त्यामुळे नाशिकमध्ये दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागल्याची छायाचित्रे फिरत असतात, तेव्हा सायखेडेकरांना त्यात दारणेची बेरीज करावी लागते. शहर मोजते ते पाणी आणि गावात शिरते ते पाणी यांचा आकडा कधीच एक नसतो.

आणि खाली काय? खाली नांदूरमध्यमेश्वर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी अमदानीत गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर हा बंधारा बांधला गेला. कोपरगाव, राहाता भागाला पाणी देणारे गोदावरी कालवे येथून निघतात. कादवेतून पालखेड समूहाचे, म्हणजे करंजवण, वाघाड, ओझरखेड या धरणांचे पाणी येते. तीन दिशांचे पाणी एका जुन्या बंधाऱ्यापाशी गोळा होते. तिथला निचरा मंदावला की फुगवटा मागे सरकतो आणि चापडगाव, मांजरगाव, करंजगाव, शिंगवे ते चांदोरी-सायखेड्यापर्यंत पाणी उतरायला वेळ लागतो, अशी गोदाकाठची जुनी तक्रार आहे.

बंधाऱ्यातला गाळ हे या तक्रारीचे मूळ. शंभर वर्षांच्या गाळाने जलाशयात उथळ जागा आणि बेटे तयार झाली, त्यावर वनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. म्हणजे जो गाळ शेतकऱ्याला पुराचे कारण वाटतो, तोच पक्ष्यांचे घर आहे. ‘गाळ काढा’ ही मागणी सोपी वाटते. पण रामसर दर्जाच्या पाणथळीत यंत्रे घालून तळ खरवडणे आता तितके सोपे राहिलेले नाही. यावर बंधाऱ्याची विसर्गक्षमता वाढवणे हा एक उपाय सुचवला जातो. त्याचा निर्णय नाशिकमध्ये नव्हे, मुंबईत व्हायचा असतो.

नाशिक किती बदलले?

नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महापालिका अस्तित्वात आली. जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ६ लाख ५७ हजार होती, २००१ मध्ये १० लाख ७७ हजार आणि २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. वीस वर्षांत दुपटीहून अधिक. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्याने पुढचे सगळे अंदाज आहेत आणि पाणी, गटार, रस्ते या सर्व योजना त्याच अंदाजांवर उभ्या आहेत.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिडकोने वसवलेले नवीन नाशिक, मुंबईकडे जाणारा चौपदरी महामार्ग, गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे आणि वाइनरी, आता समृद्धी महामार्ग, अशी ही वाढीची वाट सर्वांना माहीत आहे. शहराने यातून बरेच मिळवले, यात वाद नाही. निफाडच्या गावांनीही मिळवले. गोदाकाठच्या किती घरांतील मुले अंबडला कामाला आहेत, किती जणांनी द्राक्षाच्या पैशातून नाशिकमध्ये सदनिका घेतल्या, हे गावात विचारले तर कळते. सायखेडा विरुद्ध नाशिक असा सरळ सामना इथे नाही.

बदल झाला तो जमिनीत. पूर्वी मळे असलेल्या भागांत डांबर आणि काँक्रीट आले की तिथला पाऊस मुरत नाही, तासाभरात नाल्यात उतरतो. जुन्या गावठाणातला सरस्वती नाला बंदिस्त झाला आणि सराफ बाजार, दहीपूल परिसरात थोड्या वेळाच्या जोरदार पावसातही पाणी साचू लागले. जेएनएनयूआरएममधून पावसाळी गटार योजना राबवली गेली. तिचे काम पाणी शहरातून लवकर बाहेर काढणे हे होते. पाणी बाहेर काढले जाते ते कोठे, याचे उत्तर नकाशावर पूर्वेला सापडते.

नदीचे पात्रही बदलले. सिंहस्थाच्या निमित्ताने रामकुंड परिसरात पात्राचा तळ काँक्रीटने झाकला गेला. त्याखाली जुनी कुंडे आणि जिवंत झरे गेले, असा आक्षेप घेऊन नागरिक न्यायालयात गेले. पुढे स्मार्ट सिटीच्या काळात ते काँक्रीट फोडण्याचे काम हाती घेतले गेले. एका कुंभमेळ्यात घातलेले दुसऱ्या कुंभमेळ्याआधी काढायचे, हा खर्चाचा प्रकार फक्त नाशिकलाच परवडू शकतो. काठावरचा गोदापार्कही पुरांनी अनेकदा खरवडून नेला आहे.

१९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. जुन्या लोकांच्या तोंडी १९६९ चा पूर असतो आणि अजूनही तुलना त्याच्याशीच होते. पण २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ असे दोन मोठे पूर तीन वर्षांच्या अंतराने आले. दोन्ही वेळा सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठेत आणि घरांत पाणी शिरले, माणसे बोटींतून हलवावी लागली. २०१९ मध्ये नांदूरमध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे जाणारा विसर्ग दोन लाख क्युसेकच्या पुढे गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. त्याच दिवसांत मराठवाड्यात मात्र जायकवाडी भरतेय म्हणून समाधान होते. एकाच पाण्याच्या दोन बातम्या.

पावसाळा संपल्यावर नदीत काय वाहते?

पुराच्या बातम्या दोन दिवस चालतात. उरलेल्या महिन्यांची बातमी होत नाही आणि खरे दुखणे तिथे आहे.

गंगापूर धरण मुख्यतः सिंचनासाठी बांधले गेले. शहर वाढले तसे त्यातले पिण्याच्या पाण्याचे आरक्षण वाढत गेले. शहर नळाने जेवढे पाणी घेते, त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे नियोजनात गृहीत धरतात. थंडी-उन्हाळ्यात धरणातून आवर्तन सुरू नसेल, तर नदीत नैसर्गिक प्रवाह फारसा उरत नाही. मग शहराच्या खाली जे वाहते, त्यातला मोठा वाटा शहराने वापरून सोडलेल्या पाण्याचा असतो.

ते पाणी शुद्ध करायला तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी, गंगापूर येथे मलनिस्सारण केंद्रे आहेत. कागदावर त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला साडेतीनशे दशलक्ष लिटरच्या आसपास जाते. मग अडचण कुठे? एक, सगळे सांडपाणी या केंद्रांपर्यंत पोहोचतच नाही. नंदिनी, म्हणजे जुनी नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी या उपनद्यांत ते थेट मिसळते. पावसाळी गटारांना घरांची सांडपाण्याची जोडणी देण्याचे प्रकार तर शहरोशहरी चालतात. वालदेवी चेहेडीला दारणेत मिळते, म्हणजे सायखेड्याच्या दिशेने दोन वाटांनी घाण येते. दुसरी अडचण मानकांची. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, त्यावर पाण्याची प्रत ठरते. त्याला बीओडी म्हणतात. जुनी केंद्रे लिटरला ३० मिलिग्रॅम बीओडीचे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधली गेली. आता १० मिलिग्रॅमची अपेक्षा आहे. म्हणजे केंद्र उत्तम चालले, तरी ते आजच्या मानकात बसेलच असे नाही. त्यामुळे जुन्या केंद्रांचे नूतनीकरण हा सिंहस्थाच्या कामांतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी दिसणारा भाग ठरतो.

गोदावरीच्या गटारीकरणाविरोधात २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेकडून उपाय मागवले, आदेश दिले, त्यांचा पाठपुरावा झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले होते आणि त्यात नाशिकच्या सोमेश्वरपासून खाली येणारा गोदावरीचा पट्टा होता. सायखेडा त्याच काठावर येते.

गावाला हे आकडे वाचावे लागत नाहीत, ते पाणवेलींत दिसतात. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे पाणवेलीचे खत. संथ पाण्यात ती पात्रभर पसरते. खाली हवा आणि उजेड जात नाही, मासे कमी होतात, डास वाढतात, पंप आणि पाइप तुंबतात. पहिला मोठा विसर्ग आला की हा सारा हिरवा गालिचा वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतो. पुलाच्या मोऱ्या तुंबल्या की पाणी अडते आणि पूर येण्याआधीच पुलावरची वाहतूक धोक्यात येते. दर पावसाळ्यात जेसीबी लावून वेली ओढायच्या, काठावर टाकायच्या; पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शहराचे सांडपाणी आणि शहराचा पूर हे दोन वेगळे विषय नाहीत, हे सायखेड्याच्या पुलाइतके स्पष्ट कुठेच दिसत नसेल.

पाणवेलींचे सारे खत नाशिकहून येते, असे म्हणणे मात्र अर्धे खरे. निफाडच्या उसाला आणि द्राक्षाला टाकलेल्या रासायनिक खतांचा निचराही नदीतच जातो. गोदाकाठच्या मोठ्या गावांची स्वतःची गटारेही उघडीच नदीला मिळतात. पूररेषेतली बांधकामे शहरात आहेत तशी गावातही आहेत. शहराकडे बोट दाखवताना हे सोयीने विसरले जाते.

पॅरिसने नेमके काय केले?

१९९० मध्ये पॅरिसचे तत्कालीन महापौर जाक शिराक यांनी तीन वर्षांत सीनमध्ये पोहून दाखवण्याचे जाहीर केले होते. ते त्यांना जमले नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकच्या तोंडावर, १७ जुलैला, महापौर आन इदाल्गो पाण्यात उतरल्या. मधल्या ३४ वर्षांत घोषणा कमी पडल्या नव्हत्या. काम पुढे गेले ते जमिनीखाली.

पॅरिसची जुनी गटारे एकत्र आहेत. पावसाचे आणि घरांचे पाणी एकाच नळातून जाते. पाऊस जोराचा झाला की नळ भरून सांडपाणी नदीत उसळते. त्यासाठी ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ ५० हजार घनमीटरची, म्हणजे ५० दशलक्ष लिटरची भूमिगत टाकी बांधली. पाऊस असताना पाणी तिथे साठवायचे, नंतर सावकाश शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचे. शहराच्या वरच्या अंगाला उपनगरांतील हजारो घरांच्या चुकीच्या जोडण्या शोधून दुरुस्त केल्या. नदीवरच्या राहत्या नौकांना गटारजोडणी घ्यायला लावली. वरच्या बाजूच्या वालांतोनसारख्या केंद्रांत जंतुनाशक प्रक्रिया सुरू केली. सारा खर्च सुमारे १४० कोटी युरो. इतके करूनही ऑलिम्पिकच्या वेळी पाऊस झाला आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. २०२५ मध्ये पोहणे खुले झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पावसामुळे ते बंद ठेवावे लागले. रोज पाणी तपासायचे, खराब असेल तर लाल झेंडा लावायचा, असा तिथला साधा नियम आहे.

पॅरिसच्या या गोष्टीचा एक भाग कमी सांगितला जातो. पॅरिसच्याही खाली ‘सायखेडी’ होती. एकोणिसाव्या शतकात शहराने आपले सांडपाणी नदीच्या खालच्या अंगाला, आशेर आणि पिएरले भागातल्या शेतांत सोडायला सुरुवात केली. पाणी फुकट, खत फुकट. भाजीपाला जोरात पिकला आणि तोच पॅरिसच्या बाजारात गेला. शंभर वर्षांनी मातीत जड धातू साठल्याचे दिसले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पिएरलेच्या पठारावर भाजीपाला पिकवण्यावर बंदी आली. आता तिथे सुमारे दहा लाख झाडांचे जंगल उभे केले जात आहे, कारण ती जमीन खाण्याचे काही पिकवण्याजोगी उरली नाही. राजधानी सुंदर झाली, त्याची किंमत बराच काळ त्या शेतकऱ्यांनी भरली. नाशिकच्या सांडपाण्यावर निफाडमध्ये उपसा सिंचन करणाऱ्याने वाचावा, असा हा तपशील आहे. औद्योगिक वसाहतीतले रसायनयुक्त पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देणे का महत्त्वाचे, तेही यातून कळते.

सिंहस्थात सायखेड्याचे काय?

पॅरिस पाऊस पडला की नदी बंद करते. नाशिकला ती सोय नाही. अमृतस्नानाची तिथी पंचांगाने ठरते आणि येते भर पावसाळ्यात. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आहे. नाशिकमधील अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत, त्र्यंबकेश्वरमधील तिसरे स्नान १२ सप्टेंबरला. २०१६ चा पूर आला तो दिवस २ ऑगस्टच होता.

याआधीच्या, २०१५ च्या कुंभमेळ्यात प्रश्न उलटा होता. तेव्हा दुष्काळ होता आणि स्नानासाठी गंगापूरमधून पाणी सोडावे की नाही, हा वाद उच्च न्यायालयात गेला होता. २०२७ मध्ये पाऊस चांगला झाला तर पेच वेगळा असेल. घाटावर लाखो भाविक असताना धरणातून मोठा विसर्ग करता येत नाही. पाणी रोखून धरले आणि स्नानानंतर एकदम सोडावे लागले, त्याच वेळी दारणेचे दरवाजे उघडे असले, तर त्याचा भार दारणासांगवीच्या संगमाखाली पडणार. घाटासाठी सुरक्षित असलेला निर्णय गोदाकाठासाठी सुरक्षित असेलच असे नाही.

धरणात कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, याची जलाशय परिचालन सूची जलसंपदा विभागाकडे असते. त्यानुसार पुराआधी जागा रिकामी ठेवावी लागते. पण पाणी लवकर सोडून पुढे पाऊस कमी झाला, तर नाशिक, निफाड आणि नगर तिघेही जाब विचारतात. त्यामुळे अधिकाऱ्यांचा कल धरण भरून घेण्याकडे असतो. २०२७ च्या जुलैमध्ये हा कल थोडा उलटा ठेवावा लागेल. गंगापूर आणि दारणा या दोन समूहांचे विसर्ग एकत्र धरून, सायखेड्याच्या पुलावरची पातळी गृहीत धरून आधीच टप्पे ठरवावे लागतील.

सिंहस्थासाठी घाट, रस्ते, साधुग्राम यांवर चर्चा आणि वाद भरपूर होत आहेत. तपोवनातील वृक्षतोडीच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस मोठे आंदोलनही झाले. गोदाकाठच्या मागण्या त्या मानाने लहान आहेत : पावसाळ्याआधी पुलाच्या वरच्या अंगाच्या पाणवेली काढणे, विसर्गाची सूचना रात्रीअपरात्री न देता काही तास आधी देणे, नांदूरमध्यमेश्वरच्या निचऱ्याचा प्रश्न निकाली काढणे आणि मलनिस्सारण केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्याची तपासणी रामकुंडावर जितक्या काटेकोरपणे होते, तितकीच सायखेड्याच्या पुलावरही करणे. यातली पहिली दोन कामे करायला निधीही फारसा लागत नाही. ती २०२६ च्या पावसाळ्यात होतात की नाही, यावरून २ ऑगस्ट २०२७ ची तयारी कशी असेल, याचा अंदाज गोदाकाठचे लोक बांधतील.